शिगेची मजुरी

थोरली नणंद देवकी किन्हवलीला दिली त्याच साली, १९३८ च्या दिवाळीनंतर, सुंदराच्या हाती भात मोजायची अधोली आली. माळ्यावरून पडून सासऱ्यांचा, काळूरामांचा, उजवा हात मोडला होता. खळ्यावर झोडणी करणाऱ्यांना संध्याकाळी मजुरीचं भात मोजून द्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं; नवरा शहरात गिरणीत कामाला होता.

मजुरी सगळ्यांना एकेक अधोली. फक्त बाप्यांना मापाच्या काठावर ढीग चढवून शीग लावायची आणि बायांच्या अधोलीवरून हात फिरवून ती सपाट करायची. तरी "माप एकच" असं सासरे छातीठोक सांगत. सुंदराच्या आईने मुरबाडकडे जन्मभर सपाट अधोलीच पदरात घेतली. पहिल्या दिवशी सुंदराचाही हात आपसूक फिरला.

समोर गोजर होती, वर्षापूर्वी नवरा गेलेली. "फिरव गो बाय," ती हसली. "झोडायला दिलास तो माझा भारा पन असाच वरून कापायचा व्हतास!"

दुसऱ्या दिवशी सुंदराने गोजरला शीग लावली. मग तिच्या मागं उभ्या शकूला. मग सगळ्या बायांना.

"काय चाललंय?" सासरे ओट्यावरून ओरडले. "बाप्ये नांगर धरतात, घर चालवतात!"

"नांगर पावसात, मामा. आता झोडणी हाय. आनि गोजरचं घर कोन चालवतं?"

बाया फिदीफिदी हसल्या. सासरे लालबुंद झाले. "सारखं पायजे ना? मंग सगल्यांना सपाट!"

शकूचा नवरा धर्मा चिडला. "तुमच्या नादानं आमची शीग गेली."

"आमची कंदी नवतीच, तवा कुठं व्हतास रे?" गोजर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर कोणीच आलं नाही. आभाळ भरून आलेलं, भारे उघड्यावर. भात भिजलं असतं तर घरात सुंदराचं तोंड कोणी पाहिलं नसतं. शेवटी सासरे हात गळ्यात बांधून धर्माच्या दारी गेले. "बाप्यांना शीग देतो, चल."

धर्मा उठला, तेवढ्यात शकू आडवी आली. "दोघांना देनार तर दोघं येऊ. नायतर कोन नाय."

धर्मा पुन्हा खाली बसला.

आभाळाकडे बघत सासरे कबूल झाले, आणि त्या संध्याकाळी सगळ्यांना शीग मिळाली. सांडू नये म्हणून पदर पोटाशी धरून, हसत-खिदळत बांधावरून गेलेल्या त्या बाया सुंदराला म्हातारपणीही दिसत. तेवढं हसणं त्या खळ्यावर पुन्हा ऐकलं नाही, म्हणायची. पुढल्या साली अधोली सासऱ्यांनी परत घेतली. बायांची शीग जरा बसकी झाली, पण राहिली.

गोजर १९४६ च्या माघात तापाने वारली. काळूराम त्याच सालच्या भादव्यात गेले.