कुणालाही द्यायचं नाही

मी 'आवर्तन' बोलतोय. तुम्ही कोण, कुणाकडून आलात, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. माणसांवर माझा विश्वास राहिलेला नाही.

मी कळस गावच्या तिघांच्या रॉक बँडचा पहिला अल्बम. कुशल गिटार वाजवतो, दीपक ड्रम वाजवतो आणि उत्कर्षा गाते. दीपकच्या पोल्ट्रीतली कोंबड्यांची बॅच विकली गेली, शेड पंधरा दिवस मोकळं होतं, तेवढ्यात भिंतींना बारदानं टांगून त्यांनी मला घडवलं. तिसऱ्या गाण्यात मागं विहिरीवरची मोटर ऐकू येते. पुढं लॅपटॉप बंद पडला आणि मी एका पेन ड्राइव्हमध्ये तेवढा उरलो. उत्कर्षानं पाकिटावर लिहिलं, 'आवर्तन पहिलं. कुणालाही द्यायचं नाही.'

तिथंच घात झाला. गाण्यात आवर्तन म्हणजे तालाचा एक फेरा. आमच्याकडं मात्र आवर्तन म्हटलं की कालव्याच्या पाण्याची पाळी. त्यात कुशलचे वडील नीळकंठराव पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारे.

त्यांच्याकडं चहाला आलेल्या मोहनरावांनी कुशलनं घरी ठेवलेलं ते पाकीट वाचलं. त्यांचा ऊस कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला. आपल्यापासून नीळकंठराव पाण्याची तारीख लपवतात, हा त्यांचा जुना संशय. "आसं हाय व्हय!" असं पुटपुटत त्यांनी मला खिशात घातलं.

ट्रॅक्टरच्या टेपला लावून, तारीख कधी सांगतात याची वाट बघत त्यांनी आठही गाणी ऐकली. 'मंगळवारी येतो म्हणालास' हे उत्कर्षानं कुणासाठी गायलं देव जाणे. मोहनराव मात्र मंगळवारी खोरं घेऊन कालव्याच्या चारीवर हजर! पाणी काही आलं नाही. "खोटी तारीख घातलीया," म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागले. महिनाभर रोज. इतकं मन लावून मला कुणीच ऐकलं नव्हतं. चोराच्या हाती पडून मला आनंद होत होता, सांगायलाही लाज वाटते.

तिकडं बँडची वाट लागली. दीपकला वाटलं, कुशलनं मला परस्पर पुण्याच्या कुणाला दिलं. कुशलला वाटलं, उत्कर्षाला एकटीलाच नाव करायचंय. तिघांचं बोलणं बंद झालं.

परवा उत्कर्षा चारीवरून चालली होती. मोहनराव उसाचं पाचट काढता काढता तिचंच गाणं गुणगुणत होते. ती जागीच थांबली.

"आबा, हे गाणं तुमाला कुठं घावलं? आमच्या तिघांबिगर कुणी ऐकलंच न्हाय."

मोहनरावांचा चेहरा उतरला. ट्रॅक्टरवरून मला काढून तिच्या हातात देत म्हणाले, "चुकलं, पोरी. पण माझं नाव घिऊ नगं. नीळकंठरावांना तोंड कसं दावू?"

तिनं शब्द दिला आणि तिथूनच कुशलला फोन लावला. "आवर्तन सापडलं!"

"कुणाकडं हुतं?"

"ते न्हाय सांगता येणार."

"म्हंजी तुझ्याकडंच हुतं व्हय!" त्यानं फोन ठेवला.

आता मी तिच्या घामेजलेल्या मुठीत आहे. उत्कर्षा, शब्द मोडावा असं मी कुणाला सांगितलं नसतं. पण हा मोड, बाई. आबांचं नाव सांग.