पारूबाईचं पानदान

"पप्पा, पानदान वापस येऊन राहिलं," करिश्मा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. "हैदराबादच्या गिऱ्हाइकानं तक्रार टाकली. डब्यात मुंग्या निघाल्या म्हणं."

व्यंकटनं हातातली समई खाली ठेवली आणि छताकडे बघून हात जोडले. "त्या मुंग्यांचं भलं होऊ दे," तो म्हणाला.

परत येणाऱ्या मालाचं असं स्वागत त्याच्या दुकानात यापूर्वी कधी झालं नव्हतं. कंधारच्या बसस्टँडमागच्या भांडेगल्लीत व्यंकटचं हे टीचभर दुकान. धंदा मूळचा भांड्यांवर नावं घालायचा. लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर देणाऱ्याचं नाव हवंच. नाहीतर मामाचा हंडा काकाच्या नावावर खपायला कितीसा वेळ लागतो? पूर्वी लग्नसराईत व्यंकटला जेवायला फुरसत नसे. मग आहेरात पाकिटं आली, मिक्सर आले, आणि मिक्सरवर कुणी नाव घालत नाही. शेवटी व्यंकटनं मोडीत आलेली जुनी पितळी भांडी निवडून ठेवायला सुरुवात केली आणि करिश्मानं त्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले. शहरातले लोक ती दिवाणखान्यात मांडायला घेतात हे ऐकून त्याला आधी हसू आलं होतं. ज्या घागरीला इथं कुणी विचारत नाही, तिला तिकडं म्हणे खाली दिवा लावून ठेवतात.

पण या धंद्यात एक मोठं दुखणं होतं, माल परत येण्याचं. एकानं ऐन दिवाळीत समई मागवली आणि पाडवा झाल्यावर 'फोटोसारखी नाही' म्हणून परत धाडली. वातीची काजळीसुद्धा पुसली नव्हती. एका बाईनं तांब्या पाडून त्याला पोचा आणला आणि पोच्याचाच फोटो काढून पैसे परत घेतले. ज्या ऑनलाइन कंपनीमार्फत माल जाई, तिच्या लेखी गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. तेव्हापासून करिश्मानं घरात कायदाच केला होता: पार्सल बांधताना आणि आलेलं पार्सल फोडताना व्हिडिओ काढल्याशिवाय हात लावायचा नाही.

या मुंग्यांच्या बाबतीत मात्र दोष व्यंकटचाच होता. भांडं कुणाच्या घरी रिकामं धाडू नये, हे त्याच्या अंगात मुरलेलं. शेजारणीची वाटी परत करताना आपण चिमूटभर साखर तरी घालतोच की! त्या हिशेबानं त्यानं पानदानात गुळाचा खडा ठेवला होता. उन्हाळ्याच्या तावात तो खडा कंधार ते हैदराबाद कसा पोचला असेल ते त्या पानदानालाच ठाऊक.

"किती डाव सांगितलं, पप्पा, गूळ टाकू नका म्हणून! तिकडच्या लोकायला काय कळतंय त्याच्यातलं?"

"कळलं की त्याला," व्यंकट म्हणाला. "लई चांगला माणूस निघाला. सरळ कसं वापस करावं म्हणून त्यानं मुंग्यांचं निमित्त केलं, बघ."

"चांगला असता तर आपल्या मेसेजला हो म्हणला असता."

"शहरातल्या लोकायला सरळ चांगलं वागायला लाज वाटत असंल, बाई."

या मेसेजमागं होत्या सुभद्राबाई. किल्ल्याकडच्या गल्लीत राहणाऱ्या अर्जुनरावांची ही म्हातारी आई. भाचीच्या लग्नाला ती मुखेडला गेली असताना अर्जुनरावांनी घराला रंग दिला आणि माळ्यावरचं पितळ मोडीत घातलं. त्यात हे पानदानही गेलं. अर्जुनराव काही वाईट माणूस नव्हे; पण माळ्यावरची वस्तू आईची असू शकते, हे पुरुषमाणसाला सांगावं लागतं. म्हातारी मुखेडहून आली, घरी माळा रिकामा बघितला आणि थेट दुकानात आली. ओरडली नाही, भांडली नाही. पायरीवर बसली.

"माझ्या मायचं हाय ते, व्यंकट," ती म्हणाली. "किल्लारीला भूकंपात सगळं घर बसलं. माय गेली, दादा गेला. त्या ढिगाऱ्यातून तेवढंच निघालं. मायचा फोटू बी न्हाई मज्याकडं. तिचं नाव हाय त्याच्यावर, पारूबाई. मला वाचता येत न्हाई, पर बोट फिरवलं की माय हाय असं वाटतं."

पण पानदान आदल्याच आठवड्यात हैदराबादला गेलं होतं. व्यंकटनं त्याच दिवशी करिश्माकडून मेसेज लिहून घेतला: म्हातारीच्या आईची ही एवढीच खूण आहे, किल्लारीच्या ढिगाऱ्यातून निघालेली, पूर्ण पैसे आणि वर पाठवणावळ देतो, पण वस्तू परत द्या. समोरच्यानं मेसेज वाचला आणि गप्प बसला. आणि आता ही मुंग्यांची तक्रार.

व्यंकट त्याच संध्याकाळी सुभद्राबाईंना सांगून आला. म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग भिंतीतल्या देवळीतला पसारा काढून तिनं तिथं पानदानाची जागा केली आणि गल्लीतल्या बायांना बोलावून ती रिकामी जागा दाखवली.

पार्सल आलं तेव्हा करिश्मा कॉलेजला गेली होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, पण व्यंकट त्या दिवशी फुंकायचंच विसरला. एवढ्या भल्या माणसानं पाठवलेलं पार्सल व्हिडिओ काढत फोडायचं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याची झडती घेण्यासारखं त्याला वाटलं. त्यानं कात्री लावली, कागद ओरबाडला. आत पानदान होतं. तेवढंच मोठं, तसंच गोल, तसंच जुनं. झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव होतं: सौ. नागम्मा रेवणसिद्ध, औराद.

व्यंकटनं ते पुन्हा वाचलं. मग डबा उलटा केला, सुलटा केला, जणू पारूबाई कुठंतरी बुडाला चिकटून बसली असेल. गिऱ्हाइकानं पारूबाईचं पानदान ठेवून घेतलं होतं आणि कुठलंतरी दुसरं परत धाडलं होतं.

कॉलेजातून आल्यावर करिश्मानं कंपनीकडे तक्रार केली. दोन्ही डब्यांचे फोटो टाकले, दोन्ही नावं लिहिली. कंपनीचं उत्तर आलं: आपणांस एक जुने पितळी पानदान परत मिळाले आहे, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नाही, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. गिऱ्हाइकानं तर वर दुकानाला एकच चांदणी देऊन 'घाणेरडा माल' असं लिहून ठेवलं होतं. चोर तो चोर, वर शिरजोर.

"आपल्याच मेसेजनं घात केला," करिश्मा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "ढिगाऱ्यातून निघालेलं, एवढंच एक, असं आपणच लिहून दिलं. त्याला वाटलं असंल, लई मोलाची वस्तू हाय."

लोकांच्या चांगुलपणावर एवढा विश्वास टाकल्याची व्यंकटला स्वतःचीच चीड आली होती, आणि चिडीपेक्षाही देवळीतली ती रिकामी जागा डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्याच्या मनात आलं, नावं घालणं हाच तर आपला धंदा. पॉलिशच्या चाकावर नागम्मा घासून काढायची आणि फोटो समोर ठेवून पारूबाई कोरायची. तीच अक्षरं, तोच बाक, टिंबाला टिंब. म्हातारीला वाचता येत नाही, डोळ्यांनाही धड दिसत नाही. बोट फिरवील आणि माय भेटली म्हणून हसेल. यात वाईट काय आहे? म्हातारीला सुखच मिळेल.

त्यानं चाक सुरू केलं, झाकण हातात धरलं. कुणीतरी कधीतरी असंच एखाद्या दुकानात बसून हे नाव कोरून घेतलं असणार. वर उभं राहून 'म'ला 'म' नीट जोड म्हणून कारागिराला पिडलं असणार; सगळेच पिडतात. व्यंकटनं आयुष्यभर नावं घातली होती, घासून कुणाचं काढलं नव्हतं. आणि म्हातारीच्या त्या बोटाला फसवायचं, हे काही त्याच्यानं होईना. त्यानं चाक बंद केलं, काय करायचं ते म्हातारीलाच विचारू म्हणून छिन्नी-हातोडी पिशवीत टाकली आणि पानदान घेऊन तो सुभद्राबाईंकडे निघाला.

सुभद्राबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्याच्या हातात डबा बघून त्यांनी दोन्ही हात पुढं केले. डबा मांडीवर घेतला, झाकणावर बोट टेकवलं आणि नावावरून पुढं नेता नेता बोट मध्येच थांबलं.

"मावशी, हे तुमचं न्हाई," व्यंकट म्हणाला. मग त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं. गुळाचं, मेसेजचं, व्हिडिओ काढला नाही त्याचं. "चुकलं माझं. मी त्याला देवमाणूस समजून बसलो."

म्हातारी रडली. तोंडाला पदर न लावता, लहान पोरीसारखी रडली. शेवटी तिनं नाक पुसलं.

"कोन हाय ही?"

"नागम्मा. औरादची हाय. रेवणसिद्धाची बायको."

"जित्ती आसंल का?"

"काय म्हाईत. डबा जुना हाय." व्यंकटनं पिशवी पुढं ओढली. "मावशी, तुम्ही म्हणत असाल तर हे नाव काढतो आन् पारूबाईचं घालतो. फोटो हाय माझ्यापाशी. हुबेहूब करून देतो."

"आन् हिचं?"

व्यंकटनं झाकणावरच्या नागम्माकडं बघितलं.

"हिची बी लेक आसंल कुटंतरी," सुभद्राबाई म्हणाल्या. "माझ्या मायचं नाव आता कुनाच्या घरात हाय, कुनाला ठावं. तितं कुनी आसंच घासाया बसलं तर मला चालंल का, सांग?"

"न्हाई चालायचं."

"मंग ऱ्हाऊ दे हिला." त्यांनी झाकण चाचपलं. "हिच्या खाली जागा हाय का रं?"

"हाय की."

"मंग तितं घाल पारूबाई. दोगी ऱ्हातील."

व्यंकटनं ओसरीच्या फरशीवर पोतं अंथरलं, झाकण त्यावर ठेवलं. सुभद्राबाई सरकून समोर आल्या आणि झाकण हलू नये म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. त्यानं छिन्नी टेकवली आणि पहिला घाव घातला.

"हळू हान," त्या म्हणाल्या. "वरच्या बाईला धक्का लागंल."

व्यंकटनं हातोडी आखूड धरली आणि पुढचं टिंब हलक्या हातानं उठवलं.