एक तारखेला सोडतो

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. पण ही गोष्ट घरमालकाशी झालेल्या भांडणाची आहे, आणि त्यात दोन-दोन मालक आले तर वाचणाऱ्याचं डोकं फिरेल. म्हणून आमच्या मालकांना मी इथे सरळ नावानं, शिवानंद म्हणून लिहिते. नाव घेतल्यानं त्यांचं काही झिजणार नाही. त्यांनी जे केलं त्यापुढे हे काहीच नाही.

सोलापुरात भवानी पेठेत शरच्चंद्रकाकांच्या घरात खाली आम्ही भाड्याने राहतो, वर काका आणि यशोदाकाकू. मागच्या अंगणात माझी चूल आहे. तिच्यावर मी कडक भाकरी करते, आणि त्या पार पुण्यापर्यंत जातात. गिऱ्हाईक गल्लीत येऊन "राजेश्वरीची भाकरी कुटं मिळती?" असं विचारतं तेव्हा मला फार बरं वाटतं, खोटं कशाला सांगू? हे घर गेलं की चूल गेली. नव्या फ्लॅटमध्ये अंगण नसतं, आणि गॅलरीत धूर केला तर सोसायटीवाले मलाच भाजून काढतील.

शिवानंद टॉवेलच्या कारखान्यात आहेत आणि तंबाखू खातात. डॉक्टरांनी एकदा चांगलं बजावलं, तेव्हापासून मी हात धुऊन मागे लागले. आम्ही घरात कन्नडमध्ये भांडतो; मराठीत भांडायला मला मजा येत नाही. एका संध्याकाळी चुलीपुढेच जुंपली. तंबाखू तरी घरात राहील नाहीतर मी, असं मी सांगितलं. शेवटी ते ओरडले, "वंदने तारखिगे बिडतीनि!" म्हणजे एक तारखेला सोडतो. काय सोडतो ते वेगळं सांगायची गरज नव्हती, आम्हा दोघांना माहीत होतं.

वर गॅलरीत काका तुळशीला पाणी घालत होते. त्यांची नोकरी अक्कलकोटला झाली, त्यामुळे आपल्याला कन्नड येतं असं ते सांगतात. येतं, पण निम्मं. त्यांनी ऐकलं, एक तारखेला सोडतो, आणि उरलेलं स्वतःच्या मनानं भरलं: घर सोडतो. आता चार पायऱ्या उतरून विचारावं की नाही माणसानं? ते राहिलं बाजूला, त्यांनी अकलूजच्या पुतणीला फोन केला.

एक तारखेला सकाळी दारात टेम्पो. पलंग, कपाट, वॉशिंग मशीन, आणि पुढच्या सीटवर श्रावणी, काकांची पुतणी. तिला सोलापुरात शाळेत नोकरी लागली होती.

"ताई, तुमचं सामान अजून हललं नाही?" तिनं विचारलं.

"कुटं हलवायचं?" मी पिठाच्या हातानं दारात उभी.

पोरगी रडकुंडीला आली. मी तिला चहा पाजला, आणि तिचं सामान वर काकांच्या दोन खोल्यांत कसंबसं कोंबलं. काकूंना स्वयंपाकघरात जायला कपाटाला वळसा घालावा लागायचा. काका खाली येऊन म्हणाले, "शिवानंद, तुम्ही स्वतः म्हणालात. शब्द म्हणजे शब्द."

"काका, मी तंबाखू सोडतो म्हणलो की हो."

"तंबाखूचं नावही नव्हतं त्या वाक्यात. मला कन्नड येतं!"

झालं. हे हटेनात, ते हटेनात. काका भाडेकोर्टात गेले. खरं नाव न्यायाधिकरण, पण तिथे घरमालक आणि भाडेकरूंचीच भांडणं चालतात म्हणून सगळे भाडेकोर्टच म्हणतात. श्रावणी शहाणी. तिनं शाळेजवळ फ्लॅट बघितला आणि सामान घेऊन निघून गेली. तरी काका केस मागे घेईनात. त्यांचा प्रश्न आता खोल्यांचा नव्हता, त्यांच्या कन्नडचा होता. माझा मात्र घराचाच होता. मी दोन-चार ठिकाणी खोल्या बघून आले. चूल म्हटलं की सगळ्यांची तोंडं वाकडी व्हायची. माझी झोप उडाली.

सुनावणीच्या दिवशी सुरुवातच गमतीची झाली. कारकुनानं विचारलं, "मालक कोण?" मी सवयीनं शिवानंदांकडे बोट केलं, आणि त्यानं त्यांना घरमालकाच्या बाजूला नेऊन बसवलं. काका तिथे आधीच बसले होते. दोघं शेजारीशेजारी, एकमेकांकडे न बघता. मॅडम आल्या तेव्हा उलगडा झाला. न्यायाधीशाच्या खुर्चीत बाई बघून मला जरा धीर आला.

काकांनी छाती पुढे काढून सांगितलं, "मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. कन्नडमध्ये."

कारकून दुधनीकडचा, घरी कन्नड बोलणारा निघाला. मॅडमनी त्याला अर्थ विचारला.

"सोडतो म्हणलेत, मॅडम. काय सोडतो ते वाक्यात न्हाई."

"मग कुठे आहे?"

"ते ह्यांच्या घरात असणार की."

सगळे हसले, मी सोडून. मग शिवानंद उभे राहिले. खरं सांगेन अशी शपथ घेतली आणि म्हणाले, "मॅडम, बायकोला शब्द दिला होता. तंबाखू सोडतो म्हणलो मी."

"मग सोडली?"

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "सोडली."

मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! एक तारखेपासून घरात ना पुडी दिसली ना वास आला. मी पदर सावरून ताठ बसले. आता घर वाचलं.

तेवढ्यात काका ताडकन उठले. "धादांत खोटं! मॅडम, कालच या गृहस्थांनी माझ्याकडून चुना घेतलाय. रोज संध्याकाळी जिन्याखाली आम्ही दोघं..."

आणि ते थांबले, कारण माझ्या शेजारी यशोदाकाकू बसल्या होत्या.

"आम्ही?" काकू म्हणाल्या. "तुम्ही तर देवावर हात ठेवून सोडली होती!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे एकमेकांवर केस चालू असताना तुम्ही रोज एकत्र बसून तंबाखू खाता?"

"भांडण घराचं आहे, मॅडम," काका म्हणाले. "तंबाखूचं नाही."

मी शिवानंदांकडे अशी बघत होते की त्यांनी मान वर केली नाही. मॅडमनी मात्र धागा सोडला नाही. त्यांनी काकांना विचारलं, "तिथं बसल्यावर हे तंबाखूबद्दल काही बोलतात?"

काका चिडके आहेत, हट्टी आहेत, पण खोटं बोलणारे नाहीत. ते म्हणाले, "रोज बोलतात. बार भरताना म्हणतात, काका, बायकोला शब्द दिलाय, जिवाला लागतं."

"कधीपासून सोडायचा शब्द?"

"एक तारखेपा..." काकांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूच खाली बसले आणि स्वतःशीच पुटपुटले, "अरेच्चा. बिडतीनि."

असं माझं घर वाचलं. नवऱ्याच्या खरेपणानं नाही, घरमालकाच्या! मला हसावं की रडावं कळेना. काकांनी केस मागे घेतली, माझी हात जोडून माफीसुद्धा मागितली. मॅडमनी विचारलं, "लेखी करार आहे का?" जुन्या कराराची मुदत कधीच संपली होती आणि नवा कुणी केलाच नव्हता. "मग आता करा," त्या म्हणाल्या. "म्हणजे कुणाच्या कानावर घर अवलंबून राहणार नाही. भाडेकरू, शिवानंद..."

मी उभी राहिले. राग मोठा होता.

"मॅडम, माझं नाव घाला."

"का बरं?"

"ह्यांचा शब्द आत्ताच समद्यांनी बघितला की. घर माझ्याच्यानं सुटत न्हाई. मग धरणाऱ्याचं नाव पाहिजे, सोडणाऱ्याचं कशाला?"

काका लगेच म्हणाले, "माझी हरकत नाही. त्यांचं मराठी मला पूर्ण कळतं."

मॅडमनी शिवानंदांकडे बघितलं. मला वाटलं, आता चारचौघांत बाईनं असं बोलल्यावर हे बिघडणार. पण ते म्हणाले, "घाला मॅडम. चूल तिची, गिऱ्हाईक तिचं. मी आपला जेवायला आन् झोपायला येतो तितं."

करार झाला त्या दिवशी मी तो पुन्हा पुन्हा वाचला. भाडेकरू, राजेश्वरी शिवानंद. माहेरचं घर भावाचं, सासरचं दिराचं. एखाद्या घराच्या कागदावर माझं नाव आजवर कुठे नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. घर भाड्याचं आहे, मला काय माहीत नाही? तरी आलं.

घरी आलो तेव्हा मी पुढे होऊन कुलूप काढलं, आत गेले आणि दाराला आतून कडी लावली. बाहेरून शिवानंदांचा आवाज आला, "आत येऊ का, मालकीणबाई?"

मी दार बोटभर उघडलं. "आ करा."

ते हसले. मग हसायचे थांबले. मग गटारापाशी गेले, थुंकले, नळावर खळखळून चूळ भरली आणि खिशातली पुडी चुन्याच्या डबीसकट माझ्या हातात ठेवली. परत दारात येऊन एवढा मोठा आ केला की पडजीभ दिसली. मी नीट वाकून बघितलं आणि दार पूर्ण उघडलं.

त्याच वेळी वरून कडी लागल्याचा आवाज आला. काका जिन्यात एकटेच उभे होते.

"अहो," आतून काकू म्हणाल्या, "आधी आ करा."