मबरूकाचं दार

थोरला लेक लझर जाऊन पंधरवडा झाला, पण जैतुनाची फळं कुणासाठी थोडीच थांबतात? सिलियानाच्या डोंगरात गार वारं सुटलेलं. मबरूकानं बोटांत शेळीच्या शिंगांची टोकं चढवली आन् शिडीवरून ती फांद्या ओरबाडू लागली. खाली धाकटा हमादी चादरीवर पडलेली फळं मुकाट गोळा करत होता. थोरल्या भावानं जीव दिल्यापासून या पोराच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. ताट तसंच परत यायचं. हाही गेला तर, या भीतीनं मबरूका त्याला रानात सोबत घेऊन यायची.

भीती उगाच नव्हती. गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या गावचं एक पोर असंच गेलं, तर रेडिओनं कसं, कुठं, कशानं, सगळं तिखटमीठ लावून आठवडाभर सांगितलं. मग त्याच वाटेनं आणखी एक पोर गेलं. आन् आज तोच रेडिओवाला मुन्सिफ, ट्युनिस शहराच्या रस्त्यानं चिखल उडवत बांधावर हजर.

माणूस वाईट नव्हता, घाईत होता. आधी हळहळला, मग जागा कुठली, कसं केलं, चिठ्ठी ठेवली का, असं उकरू लागला. मबरूका शिडीवरून उतरली. बांधावर आलेल्याला उपाशी कोण धाडतं? तिनं तेल न् जवाची भाकर त्याच्यापुढं सरकवली. त्यानं दोन घास खाल्ल्यावर ती बोलली.

"आता माझ्या घरचं मीठ खाल्लंस. माझं पोर कसं गेलं ते सांगू नगंस. जागाबी न्हाई."

"मावशी, मग लोकांना सांगू तरी काय?"

"त्याचा कलमं बांधायला हात बसला व्हता, ते सांग. त्याला झोप लागत नव्हती, दवाखान्याची लाज वाटायची, आन् आमी त्याला आळशी म्हणलो, तेबी सांग. आन् ज्याला जगणं जड झालंय, त्यानं मबरूकाचं दार वाजवावं म्हणावं. कवाबी."

सांजच्याला चुलीपाशी तिनं रेडिओ लावला. शहरी माणसाच्या शब्दाचा काय भरवसा? पण मुन्सिफ खाल्ल्या मिठाला जागला. जागा न्हाई, रीत न्हाई. कलमांचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं, मग दाराचं.

रेडिओ थांबला आन् दारावर थाप पडली. दार तर सताड उघडंच होतं. चौकटीत हमादी उभा. घरचंच पोर, पण पाव्हण्यावानी बाहेर थांबलेलं.

"आये," तो म्हणाला, "मलाबी झोप लागत न्हाई."

मबरूकानं भाकर तव्यावर तशीच सोडली आन् हाताला धरून त्याला आत घेतलं.