खांद्यावरच्या तीन नळ्या

रूरी मॅकअस्किल मास्तरांनी मला बॅगपाईप शिकवला आणि एकोणीस वर्षं माझा पाणउताराही केला. बाईच्या छातीत राष्ट्रगीत मावत नाही, असं ते पथकासमोर म्हणायचे आणि पथक फिदीफिदी हसायचं. शिंटी म्हणजे आमच्या स्कॉटलंडातला हॉकीसारखा खेळ; त्याच्या अंतिम सामन्याआधी मैदानाच्या मधोमध एकट्याने राष्ट्रगीत वाजवायचा मान आमच्या बेटावर एकालाच मिळतो. तो मास्तरांचा होता आणि मला हवा होता.

मास्तर ठार बहिरे झाले होते, हे फक्त मला ठाऊक होतं. आमच्या पथकात वाजवणारा फुंकत उभा राहतो आणि दुसरा कुणीतरी त्याच्या खांद्यावरच्या तीन नळ्या वरखाली करून सूर जुळवतो. मास्तरांच्या नळ्या मी लावायचे. पूर्वी ते खेकसायचे, "कान विकून खाल्लेस का?" अलीकडे नुसते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी मान हलवली की निघायचे.

यंदा सामन्याच्या समितीतल्या फार्करने मला बाजूला घेतलं. म्हाताऱ्याचं काही चुकलं तर पुढच्या वर्षी तू, म्हणाला.

त्या दुपारी मी दोन नळ्या बोटभर वर ओढून ठेवल्या. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

पहिल्या ओळीला लोक गायला लागले आणि दुसरीला गप्प झाले. ते राष्ट्रगीत नव्हतंच, दोन बैल एका गोठ्यात कोंडल्यासारखा आवाज होता. कुणीतरी हंबरून दाखवलं आणि सगळं मैदान खिदळायला लागलं. दुसऱ्या कडव्याला वाजवणारा थांबतो, ते कडवं लोकांचं. मास्तर रिवाजाप्रमाणे थांबले. समोर दोन हजार तोंडं उघडी होती, हसणारी. मास्तरांना वाटलं, लोक गातायत. ते ताठ उभे राहिले, बुटाने ठेका धरला, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते बघून लोक आणखीच हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, जिवाला फार बरं वाटलं.

बाहेर येऊन त्यांनी माझा हात धरला. "इशबेल, असं दुसरं कडवं मी जन्मात बघितलं नाही गं."

मग मला ओढतच ते फार्करपाशी गेले. तिथे सगळं पथक उभं होतं. फार्करने हसू दाबायला रुमाल तोंडाशी धरला होता. मास्तर बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षापासून ही वाजवेल. मला ऐकू येत नाही रे आता. एकदा शेवटचं वाजवायचं होतं, म्हणून बोललो नाही. आजही नळ्या हिनेच लावल्या, म्हणून तर अब्रू राहिली."

फार्करने रुमाल खाली घेतला.

"तू लावल्यास?" त्याने मला विचारलं.

मास्तरांना ते ऐकू गेलं नाही. पथकातले सगळे माझ्याकडे बघत होते आणि मास्तर कौतुकाने माझी पाठ थोपटत होते.