आतला जिना

“एका घराची दोन घरं करणं म्हणजे घराला नवा जन्म देणं,” इंजिनिअर गंभीरपणे म्हणाला आणि संडासाचं भांडं कुठवर सरकेल ते पाहायला आत शिरला.

कवळीवाले टेपचं टोक धरून बाहेर उभे राहिले. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणं हा त्यांचा धंदा. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं त्यांच्या जिवावर चालत. स्वतःचं मात्र ते जेवणापुरतंच उघडत.

मुलीचं लग्न होऊन ती गेली, आणि बायकोनं एकदा भाजी चिरता चिरता सांगितलं, “मी वर वेगळी राहीन म्हणते.”

“आपलं भांडण झालंय का?”

“नाही हो. तुम्ही घरात असलात तरी मी एकटीच असते. मग नीट एकटी राहू द्या.”

भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. कवळीवाल्यांनी मान हलवली आणि मनाशी ठरवलं, मजला वेगळा होऊ द्यायचा, पण अगदी पुरता नाही.

आधी त्यांनी प्लंबरला कोपऱ्यात घेतलं. “वर पाणी चढत नाही, असं सांग तिला. अंघोळीला तरी खाली येईल.”

“काका, वरची लाइन कालच टाकली. काकूंनी चहासुद्धा दिला.”

मग वर ओट्याला जागाच नाही, हे त्यांनी नकाशावर बोट ठेवून सिद्ध केलं. बायकोनं ओटा खिडकीखाली घेतला. उलट उजेड वाढला.

राहता राहिला आतला जिना. बाहेरून लोखंडी जिना लागलाच होता. आतल्या जिन्याच्या तोंडावर स्लॅब टाकला की काम संपलं.

“राहू दे की,” ते मिस्त्रीला म्हणाले. “अडीअडचणीला बरा.”

“बाई सकाळपासून दोनदा विचारून गेल्या, आज बंद होतोय ना म्हणून.”

फळ्या लागल्या, सळ्या बांधून झाल्या, वर माल कालवला गेला. शेवटचा टेकू ज्या पायरीवर उभा करायचा, नेमक्या त्याच पायरीवर कवळीवाले जाऊन बसले.

मिस्त्रीनं हाक दिली. बायको बाहेरच्या जिन्यानं उतरली आणि पाहुण्यासारखी दारात थबकून मग आत आली.

“उठा. लोक खोळंबलेत.”

“मी बोलत जाईन,” ते म्हणाले. “रोज. जेवताना, जेवण झाल्यावरसुद्धा. तू फक्त विषय सांगत जा.”

त्यांच्या बाहीवर कवळीचा गुलाबी भुसा होता. तो तिनं झटकला.

“तेच तर,” ती म्हणाली.

त्यांनी विषय शोधला. अगदी प्रामाणिकपणे, जीव तोडून शोधला. ती थांबली होती, हे त्यांना दिसत होतं. वर फावडं खरखरलं.

“साहेब, माल घट्ट होईल,” मिस्त्री म्हणाला. “मग कुणाच्याच कामाचा नाही.”

कवळीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. “सिमेंट कुठलं आणलंय?”

“चांगलं आहे,” ती म्हणाली, आणि बाहेरून वर गेली.

ते उठले. टेकू बसला.

स्लॅब पक्का झाला, कुठे गळत नाही. जिना तोडणं कामात धरलेलं नव्हतं, म्हणून तो छतापर्यंत तसाच आहे. वरच्या पायऱ्यांवर बसता येतं. उभं राहिलं तर डोकं लागतं.