पाडस हलत नाही

उद्या पहाटे ट्रॅक्टर. आज दुपारी पाडस.

वस्तीवरच्या परमेश्वरनं ते माळाकडच्या तुरीतून उचलून आणलं. काळविटाचं, करडाएवढं, डोळे उघडे आणि अंगात हालचाल नाही. आई टाकून गेली म्हणाला. वस्ती गोळा झाली. कुणी दुधाची बाटली शोधू लागलं, कुणी फोटो काढू लागलं. ओट्यावरून चंद्रभागाबाई, कुणाचंही नाव न घेता, म्हणाल्या की आजकाल सगळ्याच आया टाकून चालल्यात.

नाव घ्यायची गरजच नव्हती. त्यांची सून सुनिता आत कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळत होती. मांडीवर दहा महिन्यांची शिवानी. सुनिता उद्या ऊसतोडीला जाणार, शिवानी इथंच राहणार.

हरणीची रीत:

उघड्या माळावर ना झाड, ना बीळ. हरीण पाडसाला गवतात बसवते आणि लांब चरायला जाते, कारण लांडगा हरणीवर नजर ठेवून असतो. ती जवळ थांबली, तर तीच पाडस दाखवून देईल. पाडसाच्या अंगाला वास जवळजवळ नसतो. मान भुईला लावून ते ढेकूळ होतं. जी पाडसं हलली ती उरली नाहीत. उरलेल्यांचं हे लेकरू.

शेळ्या राखताना सुनितानं हे लहानपणीच पाहिलं होतं.

उसाच्या फडातली रीत:

मागच्या हंगामात, शिवानी पोटात असताना, टोळीतल्या एकीनं आपलं लेकरू उसाच्या वाळक्या पाचटात झोपवलं. दुपटं पाचटाच्या रंगाचं. ट्रॅक्टर उलटा मागं आला, ड्रायव्हरला लेकरू दिसलं नाही.

माळावर जे वाचवतं, ते फडात...

सुनिता उठली. बाहेर येऊन शिवानीला सासूच्या मांडीवर ठेवलं.

"भावजी, हितून उचला आन जिथं व्हतं तिथं ठिवा."

परमेश्वर हसला. "त्याची आई यायची न्हाई, वैनी. तुमच्यावानीच निघून गेली ती."

दोघंतिघं हसले. सुनितानं त्याच्या हातातून पाडस काढून घेतलं. दुसऱ्या हातात कोयता अजून तसाच होता. तिच्या ते ध्यानात नव्हतं, परमेश्वरच्या होतं.

तुरीत ठेवल्यावर तिनं सगळ्यांना पार बांधापर्यंत मागं रेटलं. आपण दिसलो तर त्याची आई येणार नाही, एवढंच सांगितलं. ऊन कललं. कंटाळून, टोमणे मारत, माणसं गेली. परमेश्वर थांबला, खोटं पाडायला. चंद्रभागाबाई शिवानीला कडेवर घेऊन बांधावर आल्या.

मग गवतातून हरीण. पाडसाकडे न बघता ती भलतीकडेच चरत राहिली. थांबली. कान फिरवले. जवळ आली.

ढेकूळ उठलं आणि तिच्या पोटाखाली शिरलं.

"आत्याबाई," सुनिता हळू म्हणाली, "टाकून गेलती का ती?"

चंद्रभागाबाईंनी शिवानीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि पदर तिच्या डोक्यावर ओढला. परमेश्वर चपला शोधत राहिला, त्या पायातच होत्या.

पहाट. ट्रॉलीत बायका वळून वळून रडत होत्या. सुनिता पुढं तोंड करून बसली. अंगावरचं दूध चोळीत उतरत होतं, तरी वळली नाही.

शेजारी बसलेल्या नीलाबाईनं कोपरानं ढोसलं. "काळीज हाय का दगड? लेकरू टाकून आलीस अन् डोळ्यात पाणी न्हाई."

"ठिवून आले," सुनिता म्हणाली. "टाकून म्हनायचं न्हाई."